कॅरव्हॅनच्या टायरमध्ये बॅलन्सिंगचे मणी टाकावेत की पावडर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात मिनीबसच्या चासीवर बांधून घेतलेली कॅरव्हॅन, पुढे दोन आणि मागे जोडीनं चार चाकं, टायर २३५/७५ आर १७.५ ट्यूबलेस. ताशी ६० च्या पुढं स्टीअरिंग थरथरायला लागतं, ७५ ला सगळ्यात जास्त. जवळच्या दुकानात बॅलन्सिंगचं मशीन आहे, पण कारपुरतंच. मग टायरच्या आत काचेचे मणी किंवा पावडर टाकून भागेल का, किती टाकायची आणि कशी?

आधी उत्तर सांगतो. मागच्या चार चाकांत मणी टाकायला हरकत नाही. पुढच्या दोन चाकांना मात्र जमेल तर ट्रकच्या मशीनवर वजनं लावून घ्या. हैदराबाद रस्त्यावर किंवा पुणे नाक्याच्या बाहेर ट्रकच्या टायरवाल्यांकडं चौकशी करा, चाकं खोलून टेम्पोत टाकून नेली तरी चालतात. मशीन नाहीच मिळालं तर पुढंही मणी टाका. पावडर कुठंच टाकू नका. आणि यातलं काहीही करण्याआधी चाक गोल फिरतंय का ते बघा. स्टीअरिंग थरथरण्याचं कारण दर वेळी वजन नसतं, आणि मण्यांना कळतं ते फक्त वजन.

वजनाचा हिशेब मोठा असतो हे खरं. तुमच्या टायरचा व्यास ८० सेंटिमीटरच्या आसपास आहे, एका फेऱ्यात चाक साधारण २.४ मीटर जातं. ताशी ८० ला ते सेकंदाला नऊ फेरे मारतं. कडेला एका जागी १५० ग्रॅम जास्त असतील, तर या वेगाला ते १९ किलोच्या ओढीनं चाकाला बाहेर खेचतात, सेकंदाला नऊ वेळा. ताशी ४० ला हीच ओढ पाच किलोच्या आत असते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून गावात गाडी लोण्यासारखी चालते आणि बाळे सोडून महामार्गाला लागली की बोंब सुरू होते.

मणी करतात काय? ताशी सात-आठ किलोमीटरला ते टायरच्या आतल्या बाजूला चिकटून फिरायला लागतात. पुढं रस्त्याच्या हादऱ्यांनी ते थोडे थोडे सरकतात आणि जड जागेच्या समोरच्या बाजूला जमून तोल साधतात, असं विकणारे सांगतात. ते खोटं नाही, पण त्याला एक अट आहे आणि ती पाकिटावर लिहिलेली नसते. स्प्रिंग आणि टायर यांच्यावर चाकाची वरखाली उडायची स्वतःची एक लय असते, चासीनुसार साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाचे फेरे त्या लयीच्या वर गेले तरच मोकळा माल हलक्या बाजूला जातो. फेरे लयीच्या खाली असले तर तोच माल जड बाजूला गोळा होऊन दुखणं वाढवतो. कपडे धुण्याच्या मशीनच्या टबाला वरून पाण्याची बंद कडी असते, तिचंही असंच आहे: स्पिन सुरू होताना मशीन धडधडतं, वेग वाढला की शांत होतं.

आता वरचा आकडा परत बघा. तुमच्या चाकाचे ८० च्या वेगाला नऊच फेरे होतात, म्हणजे वरखाली उडण्याच्या लयीच्या ते खालीच आहे. कारचं चाक लहान असतं, वेग जास्त असतो, तिथं ही अट पुरी होण्याची शक्यता जास्त. २०-२२ इंची रिमच्या बसला तर ८० ला जेमतेम सातच फेरे पडतात. मग मोठ्या गाड्यांवर मण्यांचा गुण येतो असं सांगणारे ड्रायव्हर सगळेच फसलेले आहेत का? नाही. चाक फक्त वरखाली हलत नाही. स्टीअरिंगचे सांधे आणि स्प्रिंगची बुशं यांच्यामुळं ते मागंपुढंही हलतं, आणि त्या हालचालीची लय काही गाड्यांत याहून संथ असू शकते. त्या दिशेनं फायदा मिळू शकतो. पण मिळेलच अशी हमी नाही, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीला गुण आला म्हणून तुमच्याही गाडीला येईल असं नाही. पुढच्या चाकांना वजनं लावा असं म्हणतोय ते यासाठीच.

आणखी एक. मणी घातलेलं चाक मशीनवर चढवून तपासता येत नाही. मशीनचा शाफ्ट घट्ट असतो, त्याला रस्त्याचे हादरे नसतात, त्यामुळं मणी पडतील तिथं बसतात आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. मणी असलेल्या चाकाला मशीन बघून कुणी वजनं लावत असेल तर त्याला थांबवा.

आता तपासणी. यात घाई करू नका.

गाडी २०-२५ किलोमीटर चालवून आणा आणि टायर गरम असतानाच जॅक लावा. कॅरव्हॅन महिनोन्महिने एका जागी उभी असते, टायर खालच्या बाजूला चपटा बसतो. थोडं चालल्यावर तो चपटेपणा निघून गेला तर ठीक. उन्हाळाभर हवा कमी असताना भरलेल्या टाक्यांसकट उभी असेल तर तो कायमचाही राहतो, आणि मग मणी टाका नाहीतर मोती, गाडी हलणारच. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढं जॅक, आणि एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर हे काम करायचं नाही.

चाकाला वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) आणि बुश बघायला हवेत. डावी-उजवीकडं धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉडचे सांधे, नाहीतर स्टीअरिंग बॉक्स. खेळ असलेल्या गाडीत बारीक असमतोलही दहापट वाटतो. किंगपिन नवीन टाकल्यावर बॅलन्सिंगचा प्रश्नच उरला नाही असं पुष्कळ वेळा होतं.

मग टायर रिमवर नीट बसलाय का ते बघा. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते. ती रेघ आणि रिमची कड यांतलं अंतर सगळीकडं सारखं हवं. एका बाजूला दीड मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर टायर तिरका बसलाय. हवा सोडून कड मोकळी करा, टायरची पेस्ट लावा आणि परत बसवा. पुष्कळ तक्रारी इथंच मिटतात.

त्यानंतर गोलाई. डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमापाचं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर विटांच्या चवडीवर जाड तार पक्की बसवा, टोक टायरच्या मधल्या पट्ट्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि चाक हातानं हळू फिरवा. फट सगळ्यात जास्त कुठं, सगळ्यात कमी कुठं, तिथं खडूनं खुणा करा. दोन्हींत अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ते चाक वजनानं, मण्यांनी किंवा आणखी कशानंही सुधारणार नाही. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि परत मोजा. उंच जागा टायरबरोबर सरकली तर टायर खराब, रिमजवळच राहिली तर रिम वाकडी. पट्ट्यावर एखाद्या जागी फुगवटा किंवा लाट दिसली तर आतली तार सुटली आहे. तो टायर मोडीत काढा, स्टेपनीलाही ठेवू नका.

बॉडी बांधून घेतलेल्या गाड्यांत एक खास दोष सापडतो. रंगकाम करताना रिमलाही झकास रंग मारतात, आणि रिम जिथं हबला टेकते तिथंही मारतात. एकावर एक दोन-तीन थर. रंगाचा थर दाबाखाली कुठं चेपतो, कुठं तसाच राहतो, चाक तिरकं बसतं. वर चालून चालून नट सैल होतात ते वेगळंच. टेकायच्या दोन्ही जागा तारेच्या ब्रशनं घासून धातू मोकळा करा. मागच्या जोडचाकांत दोन रिम एकमेकींना टेकतात, तिथलाही रंग आणि गंज काढा. नट समोरासमोरच्या क्रमानं, चासीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला टॉर्क पान्यानं आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा आवळा. चार फूट पाइप लावून पान्यावर उभं राहणं म्हणजे टॉर्क नव्हे.

एवढं सगळं ठीक निघालं, तरी थरथर आहे, तर आता मण्यांकडं या.

बाजारात तीन प्रकार दिसतात. काचेचे मणी (काउंटरॅक्ट), सिरॅमिकचे मणी (डायना बीड्स) आणि पॉलिमरची पावडर (इक्वल). काच आणि सिरॅमिक गोल, गुळगुळीत आणि कडक असतात. ते पाणी शोषत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात, टायर बदलताना चाळून परत वापरता येतात. पावडरीचं दुखणं ओलावा. टायरमध्ये थोडं जरी पाणी गेलं तरी तिच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी एका जागी चिकटली की ती स्वतःच असमतोल होऊन बसते. आपल्याकडं पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची टाकी कुणी रोज रिकामी करत नाही. पावसाळ्यात त्या हवेबरोबर पाण्याचे थेंब सरळ टायरमध्ये जातात. तुमच्या बाबतीत पावडर नको म्हणतोय त्याचं मुख्य कारण हे.

वाळू, लोखंडी छर्रे, जुन्या बेअरिंगच्या गोळ्या असले जुगाड करू नका. ताशी ८० ला आतल्या प्रत्येक कणावर त्याच्या वजनाच्या सव्वाशे पट जोर असतो. वाळूचे टोकदार कण त्या जोरानं टायरचं आतलं अस्तर घासत राहतात, आणि ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवणारं तेच अस्तर असतं. लोखंड गंजतं.

तुमच्या मापाला एका टायरमध्ये १७० ते २३० ग्रॅम मणी पुरतात. तुलनेसाठी: ट्रॅव्हलरच्या १५ इंची टायरला १०० ते १५० ग्रॅम, बसच्या २२.५ इंचीला ३०० ते ३५० ग्रॅम. ज्या कंपनीचे मणी घ्याल तिचा तक्ता बघा, कारण काच आणि सिरॅमिकचं वजन सारखं नसतं. जास्त टाकले की जास्त गुण येतो असं काही नाही. वजन किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर करा आणि ज्या चाकांत मणी घालाल त्या सगळ्यांत सारखं टाका. त्या चाकांच्या रिमवरची जुनी शिशाची वजनं काढून टाका. स्टेपनीतही आत्ताच टाकून ठेवा, नाहीतर रस्त्यात चाक बदललं की एकच चाक वेगळं वागायला लागतं.

घालायच्या दोन रीती आहेत. टायर दुकानात उघडायचाच असेल तर सगळ्यात सोपं: एक कड रिमवर चढवून झाली की दुसरी चढवण्याआधी मणी आत ओता. आधी टायर आतून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. साबणाचं पाणी बदाबदा लावू देऊ नका. पेस्ट फक्त कडेला, तीही हात राखून. ओल्या अस्तराला चिकटलेले मणी सुकल्यावरही तिथंच राहतात. पाकिटातली पिशवी आत टाकली की आपोआप फाटते असं काही कंपन्या सांगतात. कंपनीनं तसं लिहिलेलं नसेल तर पिशवी आत टाकू नका.

टायर न उघडता घालायचं तर व्हॉल्व्हमधून. चाक खाली उतरवा किंवा जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, त्याच्या आतली पिन (व्हॉल्व्ह कोअर) काढून सगळी हवा जाऊ द्या. मऊ प्लास्टिकची बाटली आणि व्हॉल्व्हवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी घ्या. बाटली उलटी धरून मणी थोडे थोडे सोडा आणि नळीला बोटानं टिचक्या मारत राहा. मणी अडकले की बाटली दाबा, हवेबरोबर ते खाली जातात. एका चाकाला १५-२० मिनिटं धरून चाला. बारीक मणीच असे जातात, पावडर नळीत कोंबून बसते. मागच्या आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह लांब आणि वाकडा असतो, तिथं या भानगडीत पडू नका. चाक खोलून टायरच उघडा.

पिन बदलायला विसरू नका. मण्यांच्या पाकिटात बहुधा जाळीवाली पिन येते, तीच बसवा. साधी पिन ठेवली की हवा तपासताना एखादा मणी तिच्या रबराखाली अडकतो, बारीक हवा जात राहते आणि सकाळी चाक बसलेलं दिसतं. आतल्या चाकाला जोडनळी असेल तर जाळीवाली पिन व्हॉल्व्हच्या बुडाशी हवी, नळीच्या टोकाला नाही. हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, म्हणजे मणी खाली पडलेले असतात. आधी एक फुंकर हवा भरा, मग गेज लावा. त्या फुंकरीनं पिनेच्या तोंडाशी आलेला मणी मागं जातो.

हवा भरताना टायरच्या समोर उभं राहू नका. दुकानात हवा भरायचा लोखंडी पिंजरा असेल तर चाक त्यात ठेवूनच भरा. कमी हवेवर बराच वेळ चाललेला टायर, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली, आतून तुटलेला असू शकतो आणि भरताना त्याची बाजू चेन उघडावी तशी फाटते. तसा टायर उघडून आतून बघितल्याशिवाय परत भरायचा नाही.

दाब किती ठेवायचा हे टायरच्या बाजूवर लिहिलेला कमाल आकडा बघून ठरवू नका. पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, सिलिंडर भरून गाडी काट्यावर घाला, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला, मग टायर कंपनीच्या तक्त्यातून दाब काढा. साखर कारखान्यांच्या कृपेनं आपल्या जिल्ह्यात वजनकाट्यांची कमी नाही. पाणी आणि बॅटरी एकाच बाजूला असेल तर गाडीचा कल काट्याशिवायही दिसतो. हवा सकाळी, चाक थंड असताना भरा. १०० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण चार पीएसआयनं वाढतो. मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी ४२ अंशांत गरम रस्त्यावर आकडा बराच वर गेलेला दिसेल. तो बघून हवा सोडायची नाही.

आता कुठं काय बिघडतं ते. पंक्चर सीलंट आणि मणी एका टायरमध्ये कधीही एकत्र नकोत. त्या चिकट द्रवात मणी गोळा होऊन एक कडक ढेकूळ बसतं आणि ते खरवडून काढताना अस्तर फाटतं. आधी सीलंट घातलेलं असेल तर टायर धुऊन, पूर्ण सुकवून मगच मणी टाका. व्हॉल्व्हच्या टोपीवरचा टीपीएमएस (टायरचा दाब दाखवणारा) सेन्सर पिन सतत दाबून उघडी ठेवतो, त्यामुळं तिथं जाळीवाली पिन नसेल तर सेन्सरमध्ये कचरा जातो. रिमच्या आत सेन्सर असेल तर मणी चालतात, पावडर मात्र त्याचं बारीक भोक बुजवू शकते. ट्यूबच्या टायरमध्ये मणी टाकू नका. ट्यूबला सुरकुत्या असतात, मणी त्यांत अडकून बसतात.

घातल्यावर पुणे रस्त्यावर मोहोळच्या दिशेनं सरळ, गुळगुळीत पट्टा बघा. ५० पासून पाच-पाच किलोमीटरनं वेग वाढवा आणि प्रत्येक वेग मिनिटभर तसाच ठेवा. मधल्या एका वेगाला थोडी थरथर येऊन पुढं गेली तर मणी काम करत असावेत. खड्डा किंवा पुलाचा सांधा गेला की क्षणभर हलेल, मग जमेल. गाडी उभी राहिली की मणी खाली पडतात, दर वेळी निघाल्यावर त्यांना परत जमावं लागतं, त्यामुळं सुरुवातीच्या थरथरीनं घाबरू नका. पण ताशी २०-३० लाच गाडी डुलत असेल तर ते टायर किंवा रिमचं काम आहे. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर ड्रम बघा. खड्डा बसल्यावर स्टीअरिंग जोरजोरात डावीउजवीकडं हेलकावे खात राहिलं तर किंगपिन आणि कॅस्टर (किंगपिनचा पुढंमागं झुकाव) बघा.

दोन-तीनशे किलोमीटर चालवूनही पुढची थरथर तशीच राहिली तर आणखी मणी ओतू नका. पुढची दोन्ही चाकं उघडा, मणी काढा, ट्रकच्या मशीनवर वजनं लावून घ्या. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी जागा असते, ती व्हॉल्व्हच्या रेषेत आणून बसवली की वजनं कमी लागतात. मागं मणी आणि पुढं वजनं अशी गाडी चालायला काही अडचण नाही.

राहता राहिला पंक्चरवाला. तो टायर उघडणार आणि मणी जमिनीवर सांडणार, किंवा आतून पॅच लावताना घासलेल्या जागेवर मणी चिकटून पॅच सुटणार. व्हॉल्व्हजवळ रिमवर पक्क्या रंगानं 'आत मणी आहेत, ओतून घ्या' असं मराठीत लिहून ठेवा. गाडीत एक घमेलं, चहाची गाळणी आणि झाकणाची बरणी ठेवा. टायर घमेल्यावर उभा करून मणी काढा, रबराचा चुरा चाळून टाका, ओले असतील तर उन्हात वाळवा आणि घालताना वजन परत करा. दहा-वीस ग्रॅम सांडले असतील तर चालतं, पन्नासच्या वर गेले असतील तर जवळ ठेवलेल्या जास्तीच्या मण्यांची भर घाला.